दोन चुली आणि एक म्हैस

निवडणुका आल्या की तुम्ही मला दरवेळी विचारता, "सुधाताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, प्रचाराला का येत नाही? चार बायकांना दोन शब्द सांगा की." आणि मी दरवेळी गुडघ्यांचं कारण पुढे करते. गुडघे दुखतात हे खरं, पण कारण ते नाही. चहा ओता आधी सगळ्यांना. आज खरं काय ते सांगून टाकते. सांगण्यासारखं नाही, पण ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी माणसं आता फारशी उरलीही नाहीत.

मी आयुष्यात एकदाच जाहीर भाषण केलं. लोकांची भाषणं पडतात. माणसं उठून जातात, जांभया देतात, फार तर कोणी खडा मारतो. माझ्या भाषणातून एकही बाई उठून गेली नाही. उलट ते त्यांना इतकं पटलं की आमच्या घराची वाटणी व्हायची वेळ आली.

तेव्हा मी महाडला नवीनच होते म्हणा ना. माहेर पुण्याचं, कॉलेजचं एक वर्ष झालेलं, आणि वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायची सवय. हे महाडच्या कोर्टात वकिली करायचे. घरात थोरले दीर, त्यांना सगळा गाव दादा म्हणायचा. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आणि त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ. ह्यांच्यासारखीच मीही त्यांना वहिनी म्हणायचे. सासूबाई फार लवकर गेल्या, त्यामुळे ह्यांना लहानाचं मोठं वहिनींनीच केलेलं. आमचं लग्नही दादांनीच ठरवलं होतं.

घराच्या मागं गोठा, गोठ्यात एक म्हैस. तिचं वैरण, पाणी, शेण, धार, सगळं वहिनींकडे. माझा आणि त्या म्हशीचा संबंध फक्त दुधापुरता. मी जवळ गेले की ती फुरफुरायची, आणि ती फुरफुरली की मी मागे सरायचे.

आता एका चुलीपाशी दोन बायका म्हटल्यावर थोडी कुरबुर असायचीच. मला आमटीत गूळ लागायचा, वहिनींना खपायचा नाही. त्यांचं माहेर पोलादपूरकडचं. बोलताना मधूनच त्या "नाय" म्हणून जायच्या. नव्या नवलाईत मी त्यावर एकदोनदा हसलेही होते. भांडण असं कधी झालं नाही. पण गूळ नसलेली आमटी वाढून घेताना माझ्या मनात काय यायचं ते मलाच ठाऊक.

ते दिवस द्विभाषिकाचे. तुमच्यातल्या धाकट्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. मराठी मुलूख आणि गुजराती मुलूख मिळून एकच मोठं राज्य केलेलं होतं, त्याला द्विभाषिक म्हणायचे. आम्हाला मुंबईसकट मराठी माणसांचं वेगळं राज्य हवं होतं. निवडणूक आली ती याच प्रश्नावर. एका बाजूला द्विभाषिक असू द्या म्हणणारे, दुसऱ्या बाजूला वेगळं राज्य द्या म्हणणारे. हे दुसऱ्या बाजूचे, आणि अगदी आतून. आमच्या ओटीवर रोज माणसांचा राबता. चहाचं आधण चुलीवरून उतरायचं नाही.

एकदा अशीच बैठक चालू असताना त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "पुरुषांचं काही नाही, त्यांना कळतं. बायकांचं काय करायचं? द्विभाषिक हा शब्दच त्यांच्या तोंडात मावत नाही. एवढा गुंतागुंतीचा प्रश्न त्यांना कोण समजावणार?"

"बाईच पाहिजे त्याला," दुसरे म्हणाले. "शिकलेली."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवायच्या आत हो म्हणून बसले.

मग मी भाषण तयार करायला घेतलं. भाषावार प्रांतरचना, मुंबईचा महसूल, पाटबंधारे, जकात, सीमेवरची गावं, काहीएक सोडलं नाही. हे जेवायला बसले असताना मी ते त्यांना म्हणून दाखवलं. ह्यांनी ऐकत ऐकत ताक संपवलं आणि म्हणाले, "कोर्टात मी असं बोललो तर न्यायाधीश पुढची तारीख देतील."

"पण प्रश्नच तसा आहे. अवघड आहे तो."

"तुला अवघड आहे ना? मग त्यांना किती असेल. सोपं कर. त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं काहीतरी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसून विचार करत होते. खिडकीतून वहिनी धार काढताना दिसत होत्या. समोर चूल, बाहेर म्हैस. आणि मला एकदम सुचलं. इतकं सोपं, इतकं चपखल, की मी आपली आपल्यावरच खूश झाले.

सभा होती शिवथरच्या खोऱ्यातल्या एका गावात. मोटारीनं निम्मी वाट, पुढं बैलगाडी. वाल काढायचे दिवस होते. देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या होत्या आणि रिकामे हात नकोत म्हणून निम्म्याजणी मांडीवर सूप घेऊन वाल सोलत होत्या. त्या गावची बरीच माणसं दादांच्या दुकानाची गिऱ्हाइकं. भागाआत्या म्हणून एक वयस्क बाई होती, ती तर आमच्या म्हशीसाठी गवताचे भारे घेऊन यायची. तिला पाहून मला धीर आला.

मी उभी राहिले. सुरुवात कशी करायची ते मी घोकून ठेवलं होतं.

"बायांनो, आज मी तुमच्याशी राजकारण बोलणार नाही. मी घरातलं बोलणार आहे."

वाल सोलणारे हात थांबले. मला वाटलं, वा.

"एक घर आहे. दोघे भाऊ, दोन जावा. चूल एकच. किल्ल्या सगळ्या थोरलीच्या कमरेला. गोठ्यात दुभती म्हैस आहे. वैरण कोण घालतं? धाकटी. शेण कोण काढतं? धाकटी. आणि दूध वाटायला मात्र थोरली पुढं. सांगा, हा न्याय आहे का?"

भागाआत्या माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती. मी तिला गुंग झालेली समजले.

मग मला चेव चढला. भाषण रंगलं की माणसाचं भान कसं जातं, ते मला त्या दिवशी कळलं. "धाकटी" म्हणता म्हणता मी "आम्ही" कधी म्हणायला लागले, माझं मला समजलं नाही. "आम्ही किती दिवस सोसायचं? आमच्या मनाला काही किंमत नाही का?" असं म्हणताना माझा आवाज दाटून आला. समोर एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला.

"मंग आता येगळी चूल घालायचं ठरलं काय?" भागाआत्यानं विचारलं.

"ठरलं. आता माघार नाही. म्हणून तर तुमच्यापर्यंत आले."

"थोरलीचं काय म्हन्नं?"

"ती सोडायला तयार नाही. वरची मंडळी तिच्या बाजूची आहेत ना."

"वरची मंजे?"

"ज्यांच्या हातात सगळा कारभार आहे, ती."

बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या. खोऱ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या घराचा कारभार दादांच्या हातात.

आता खरं म्हणजे इथून पुढं भाषणाचा शेवट होता. चूल म्हणजे राज्य, म्हैस म्हणजे मुंबई, थोरली म्हणजे द्विभाषिकाचे पुढारी, असं एकेक उलगडून सांगायचं होतं. पण बाहेरून गाडीवानानं हाक मारली. "वकिलीणबाय, मोटार चुकल हां. मंग तुमी हितंच ऱ्हावा." मी घाबरले. हात जोडले, "विचार करा आणि आम्हाला साथ द्या" म्हटलं, आणि निघाले. निघताना एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "देव तुला बुद्दी देवो गो."

गाडीत बसल्यावर मला शेवट राहिल्याचं आठवलं. पण मी म्हटलं, एवढं सोपं करून सांगितलंय, न कळायला त्या काय लहान मुली आहेत?

पुढच्या बाजाराच्या दिवशी दादा दुकानातून आले ते गप्पच. ते मुळातच कमी बोलायचे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. नंतर कळलं की खोऱ्यातली एक बाई मुलीसाठी लुगडं घ्यायला आली होती. तिनं दोन लुगडी उलगडून पाहिली आणि दबक्या आवाजात विचारलं, "दादा, दुकान तरी तुमच्याकडंच ऱ्हानार ना?" दुसऱ्या एकानं जाता जाता सांगितलं, "दादा, थोरल्यानं पोटात घ्यायचं असतं." दादांना काय पोटात घ्यायचं तेच कळेना.

वहिनींना भागाआत्याकडून कळलं. गवताचा भारा उतरवताना तिनं सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी शेण काढतो म्हणाली गो ती. देवळात उभी ऱ्हावून."

वहिनींनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. फक्त वागणं बदललं. सकाळी मी आत गेले की माझ्यापुढं दुधाचा गडू भरून ठेवायच्या. "किती हवं तेवढं घे तू." एक दिवस कपाटाच्या किल्ल्या देवापुढं ठेवून म्हणाल्या, "ह्या इथं असतात हो आता. कोणीही घ्याव्यात." आणि आमटी गोड लागायला लागली.

तुम्ही मला मूर्ख म्हणाल. म्हणा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझ्या भाषणाची कीर्ती घरापर्यंत पोचली. शिकलेल्या जावेचा मान राखतायत. पोचली होतीच कीर्ती, त्यात खोटं काही नाही.

मग एका सकाळी धोंडूतात्या आले. खोऱ्यातले मोठे शेतकरी, वयानं पिकलेले. कुणाच्या घरात वाटणीचा तंटा निघाला की लोक त्यांना बोलवायचे. त्यांच्याबरोबर भागाआत्याही होती. तात्यांनी वाटेत दुकानातून दादांना बरोबर घेतलं होतं. हे कोर्टात गेलेले. मी पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला. वहिनी आत माजघरात होत्या.

तात्या पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवून म्हणाले, "वकिलीणबाय, राग धरू नका. ल्हान तोंडी मोठा घास घेतो. पन एकत्र हाय त्यात वाईट काय हाय?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. द्विभाषिकाच्या बाजूचा मतदार आपल्या पायांनी चालत घरी आलेला. मी पदर खोचला आणि समोर बसले.

"बोला तात्या, मोकळेपणानं बोला. पण मला एक सांगा, एकत्र राहून आम्हाला मिळालं काय?"

दादांनी मान वर केली.

"मिळालं नाय कसं?" तात्या म्हणाले. "डोक्यावर छप्पर हाय. मान हाय. लोकं नाव काडतात, भाव भाव एकत्र हायेत म्हनून."

"भाऊ भाऊ तोंडानं म्हणायचं. मनं जुळल्याशिवाय एका छपराखाली कोंडून काय उपयोग? त्यांची भाषा वेगळी, आमची भाषा वेगळी."

"भाषा?" दादा म्हणाले.

"भाषाच तर सगळ्याचं मूळ आहे, दादा. आणि हे काही आमच्या मनानं झालेलं नाही. वरून ठरवलं आणि आमच्यावर लादलं."

"लादलं?" दादांचा आवाज अगदी बारीक झाला.

"लादलंच. तुम्हालाही ते आतून ठाऊक आहे."

दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, पटलं. दादा आमच्याच बाजूचे होते ना.

तात्यांनी दाढीचे खुंट चोळले. मग म्हणाले, "बरं. येगळं व्हायचं तं व्हा. पन सबुरीनं घ्या. एक पावसाळा जाऊ द्या."

"एक दिवससुद्धा नाही. या महिन्यात निकाल लागलाच पाहिजे."

"आनी म्हस?" भागाआत्या दाराशी टेकून बसली होती, तिनं विचारलं.

"म्हैस आमची," मी म्हटलं. "त्यावर तडजोड नाही. एक वेळ बाकी सगळं सोडू, म्हैस सोडणार नाही."

आत काहीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग मागचं दार वाजलं. मी तात्यांना आता महसुलाकडे वळवावं का, या विचारात होते. तेवढ्यात घराला वळसा घालून वहिनी अंगणात आल्या. हातात दावं, दाव्याला म्हैस.

त्या पायरीपर्यंत आल्या. दावं माझ्या हातात दिलं.

"घे. दुपारी पाणी दाखवायचं. धार काढायच्या आधी पारडू सोडायचं, नाहीतर पान्हा चोरते. उजवीकडून जाऊ नकोस, लाथ मारते." एवढं त्या अगदी नीट, समजावून बोलल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "आणि आमची भाषा तुला चालत नाय, हे आधी सांगायचं होतंस. मी कमी बोलले असते."

दादा भिंतीकडे बघत होते. भागाआत्या रडत होती. म्हैस माझ्याकडे बघत फुरफुरली, आणि दावं हातात असल्यामुळे मला मागेही सरता येईना.

त्या क्षणी ते देऊळ, ते थांबलेले हात, गालावरून फिरलेला हात, दुधाचा गडू, देवापुढच्या किल्ल्या, सगळं माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक जागेवर बसलं.

"वहिनी, ही म्हैस नव्हे हो," मी म्हटलं.

"मग कोणती?"

"ती म्हैस म्हणजे मुंबई."

तात्यांनी म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांना वाटलं असावं. मी मग धडपडत, अडखळत, रडत, जो शेवट देवळात राहिला होता तो अंगणात पुरा केला. चूल म्हणजे राज्य. थोरली म्हणजे ते पुढारी. भाषा म्हणजे मराठी आणि गुजराती. सगळं. दावं तसंच हातात.

पहिले हसले ते दादा. दादांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढंही नाही. डोळे पुसत पुसत हसत होते, त्यात रडणं किती होतं ते त्यांनाच ठाऊक.

तात्या मात्र हसले नाहीत. ते वैतागले होते.

"मुंबयचं बोलत हुतात तुमी?"

"हो."

"मंग त्यात समजवायचं काय हाय? मुंबय आपली हाय. येगळं राज पायजे. बारक्या पोराला इचारलं तरी सांगल. त्यापायी मी ह्या वयात डोंगर उतरून येईन काय? घर मोडतंय म्हनून आलो."

"माजा मालक आनी दोनी पोरं तितंच गिरनीत हायेत," भागाआत्या म्हणाली. "तुमी राजकारन बोलनार नाय म्हनालात, मंग आमी काय समजायचं?"

तिचं काय चुकलं? पण माझं शिक्षण स्वस्थ बसेना. मी म्हटलं, "तात्या, पण हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका सोपा नाही. महसूल आहे, धरणं आहेत, सीमेवरची गावं आहेत. वेगळं राज्य झालं म्हणजे लगेच सगळं मिळेल असं नाही."

"का नाय? मुंबय आली की माजा पोर गिरनीत कायम होनार. त्याला खोली मिळनार. आनी काय पायजे?"

राज्य होण्याचा आणि त्यांच्या मुलाच्या खोलीचा काही संबंध नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं. तात्यांना तो संबंध तितकाच स्वच्छ दिसत होता. मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं ते माझ्याकडे बघत होते. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, अशा.

मग जरा शांत होऊन ते म्हणाले, "अवगड काय असतंय सांगू, वकिलीणबाय? माजी आनी माज्या भावाची वाटनी झाली. शेत वाटलं, भांडी वाटली. परसातला फनस तेवडा मदीच ऱ्हायला. म्हटलं, ठेवा दोगांत, झाडच हाय. आमी दोगंबी म्हातारे झालो, अजून त्या फनसाचा निकाल नाय. फळं गळून सडतात, पन कोन हात लावत नाय. तुमी चूल येगळी करायचं येवड्या झटक्यात देवळात बोललात म्हनून ऐकलं, तवा मला तो फनस दिसला. म्हनून आलो."

मी त्यावर आजही विचार करते. त्यांना राज्य सोपं वाटत होतं आणि घर अवघड. मला घर इतकं सोपं वाटत होतं की मी ते उदाहरणादाखल वापरलं. ज्या प्रश्नाच्या आत आपण राहत नाही, तो दुरून सोपा दिसतो, दुसरं काय. मग तो राज्याचा असो नाहीतर फणसाचा. आणि खरं सांगायचं तर राज्याच्या प्रश्नातसुद्धा मी कुठं राहत होते? मी वर्तमानपत्र वाचत होते. भागाआत्याचं अख्खं घर मुंबईत होतं.

तात्या जेवूनच गेले. जाताना दादांना म्हणाले, "बाय चांगली हाय. जरा शिकलेली हाय, तेवडंच."

पण जेवणाआधी वहिनींनी माझ्या हातातलं दावं घेतलं आणि म्हैस घेऊन गोठ्यात गेल्या, तशी मीही मागोमाग गेले. त्यांनी म्हैस बांधली, पुढं पेंढा टाकला. मी दाराशीच उभी.

"खरंच नुसतं उदाहरण होतं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"खरंच, वहिनी."

"मग दुसरं का नाही सुचलं तुला? शेजाऱ्यांच्या बांधाचं सांगायचंस. विहिरीचं सांगायचंस. चुलीचंच बरं सुचलं."

विरोधी बाजूच्या प्रत्येक आक्षेपाला मी उत्तर तयार ठेवलं होतं. याला नव्हतं. मग खरं होतं ते बोलले. "मला तुमच्या आमटीचा राग यायचा."

त्या वळल्या. "गुळाचा?"

"हो."

"एवढंच?"

"आणि किल्ल्यांचा. थोडासा."

त्यांनी हात झटकले, पदराला पुसले. "किल्ल्या तुझ्याकडे ठेव. मला कमरेला टोचतात त्या, पण देणार कोणाला? तू सदा वर्तमानपत्रात. आणि गूळ घालूनच ठेवत जाईन. माझ्यापुरती वाटीभर आधी वेगळी काढेन." मग म्हणाल्या, "मी 'नाय' म्हटलं की हसत जाऊ नकोस."

"नाय हसणार," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी त्या गोठ्यात उभ्या राहून हसलो.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी बरोबर गेलो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. खोऱ्यातल्या काही बायका बाजाराला आल्या होत्या. आम्हाला एकत्र बघून त्यांना केवढं हायसं वाटलं. मत कुणाला देणार, हे कोणी विचारलं नाही. मतं त्यांची माझ्या भाषणाच्या कितीतरी आधी ठरली होती. आमचा उमेदवार निवडून आला. ओटीवर जमलेल्यांनी माझंही कौतुक केलं. शिवथरच्या खोऱ्यात बायकांनी भरभरून मतं दिली म्हणे, वकिलीणबाईंच्या भाषणाचा परिणाम. मी नको नको म्हणत ते ऐकून घेतलं. इतकं काही माझ्या अंगावर येऊन गेलं होतं, तरी मनातून वाटलंच, असेलही थोडा.

पुढं महाराष्ट्र झाला. त्या दिवशी महाडात घरोघर पणत्या लावल्या होत्या, रस्त्यात ओळख ना पाळख माणसं एकमेकांना साखर देत होती. हे तर लहान मुलासारखे नाचत होते. मी आणि वहिनी ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना पेढे वाटत होतो. गर्दी जरा ओसरली, तशा वहिनी माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुधा, आता झालंच आहे राज्य, तर सांगते. घरात कोणाला सांगू नकोस. मी तेव्हा मत तिकडं दिलं होतं."

"तिकडं म्हणजे?"

"दुसऱ्या पेटीत. द्विभाषिकाच्या."

माझ्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. "वहिनी, अहो, घरात दिवसरात्र प्रचार चालू होता आपल्या. तुम्हाला प्रश्न कळला नव्हता का?"

"न कळायला काय झालं? मी आधी तुमच्याच पेटीत टाकणार होते. पण त्या दिवशी ओटीवर तू इतकं पटवून बोललीस ना, एकत्र राहणाऱ्यांचे हाल कसे होतात ते. आत उभी राहून सगळं ऐकलं मी. मला वाटलं, हिला वेगळं राज्य मिळालं तर उद्या ही खरोखरच चूल मागेल. म्हटलं, राहू दे आपलं एकत्र."

तर असं आहे. साऱ्या तालुक्यात माझ्या वक्तृत्वानं मत फिरलं ते एकच. माझ्याच घरातलं, आणि तेही उलटं.